बाबांना घेऊन लेस्वोसला: एक दिवस पक्षी-गाईड घ्यावा का?

प्रश्न: शेकाट्या

नमस्कार मंडळी,

माझे बाबा २०२७ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदाच माझ्याकडे जर्मनीला येत आहेत. वय ७१. सोलापूरला शाळेत शिक्षक होते. गेली तीसेक वर्षं दर रविवारी ते नान्नजच्या माळरानावर जातात. आधी सायकलवर जायचे, मग लुनावर, आता कुणाच्या तरी गाडीत मागे बसून. माळढोक दिसेनासा झाला तरी त्यांचं जाणं थांबलेलं नाही. जे दिसेल ते वहीत लिहायचं, तारखेसकट, हा त्यांचा नेम आहे.

त्यांना इथे नुसतं किल्ले आणि चर्च दाखवायला मला नको वाटतं. एका सहकाऱ्याने ग्रीसचं लेस्वोस बेट सुचवलं. वसंतात पक्षी बघायला युरोपभरातून माणसं तिथे जातात म्हणे. २४ एप्रिल ते १ मे अशी सुट्टी मी टाकली आहे. भाड्याची गाडी मी चालवीन.

अडचण अशी की मला स्वतःला पक्ष्यांतलं काही कळत नाही. लहानपणी बाबांच्या तोंडून ऐकलेली नावं तेवढी लक्षात आहेत. म्हणून निदान एक दिवस तिथला गाईड घ्यावा असं मनात आहे. पण त्याचा खरंच उपयोग होतो का? बाबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाट रस्त्यावर एका दमात अर्धा किलोमीटर चालतात, पायऱ्या आणि उतार जमत नाहीत. जेवण शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. सायप्रस किंवा माल्टा जास्त सोयीचं, असंही एकाने सांगितलं.

आणि एक गोष्ट, जी विचारायला जरा संकोच वाटतो. बाबा तक्रार करत नाहीत. आवडलं नाही तरी "छान आहे" म्हणतात आणि गप्प बसतात. सगळे अनोळखी पक्षी, अनोळखी भाषा, आणि मधे उभे राहून ते "छान आहे" म्हणताहेत, हे चित्र सारखं डोळ्यांपुढे येतं. ज्यांनी असा दिवस काढला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

उत्तर: मीठभाकर

मी सायप्रसला तीन वर्षं नोकरीला होतो, त्यामुळे तेवढंच सांगतो. बेट सुंदर आहे. लिमासोलजवळचं अक्रोतिरीचं खारं तळं आणि पाफोसचा किनारा या दोन ठिकाणी वसंतात भरपूर पक्षी उतरतात. सायप्रस रणगोजा आणि सायप्रस वटवट्या हे दोन पक्षी तर त्या बेटाशिवाय दुसरीकडे कुठे घरटं करत नाहीत. रस्ते चांगले, इंग्रजी सर्रास चालतं, आणि गाडी आपल्यासारखी डावीकडून चालवतात.

पण मनाला लागलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे अजून चोरून पक्षी धरतात. झाडांत बारीक जाळी लावतात, चिकट लेप दिलेल्या काड्या फांद्यांत अडकवतात. इवलेसे वटवटे त्यांत सापडतात आणि 'अंबेलोपूलिया' नावाने ताटात येतात. १९७४ पासून कायद्याने बंदी आहे, पक्षीमित्र संस्था आणि पोलीस झटताहेत, आणि पूर्वीपेक्षा प्रमाण घटलंही आहे. तरी एका सकाळी काडीला चिकटलेला, पंख फडफडवून दमलेला वटवट्या मी पाहिला आणि नंतर कितीतरी दिवस तिकडे फिरकलो नाही. माल्टात वसंतातल्या शिकारीवरून २०१५ मध्ये सार्वमत झालं आणि अगदी थोडक्या मतांनी शिकारीच्या बाजूने कौल लागला. तुमच्या बाबांसारख्या माणसाला मी माल्टाला नेणार नाही. लेस्वोस मी पाहिलेलं नाही, जाणकारांनी लिहावं.

---

उत्तर: हुरडा

शेकाट्या, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला. मी लेस्वोसला दोनदा गेले आहे. दोन्ही वेळा गाईडबरोबर एकेक दिवस काढला. पहिला वाया गेला, दुसरा जन्मभर पुरेल असा होता. म्हणून जरा लांबण लागली तर समजून घ्या.

आधी तुमच्या संकोचाबद्दल. पक्षी अनोळखी असतील ही भीती मनातून काढून टाका. मी बार्शी तालुक्यातली. आमची ज्वारीची शेती. रब्बीची कणसं भरायला लागली की आम्हा पोरांना माळ्यावर बसवायचे, हातात गोफण द्यायचे आणि भारीट हाकलायला सांगायचे. शेकड्यांचे थवे यायचे. एका कणसावरून उठवलं की चार सऱ्या सोडून पुन्हा उतरायचे. आमच्या लेखी ते चोर होते. ज्वारी काढली की काही दिवसांत एकही उरायचा नाही. मी आजोबांना विचारायचे, "कुठं जातात ओ हे?" आजोबा हात वर करून उत्तरेकडे दाखवायचे आणि म्हणायचे, "वर." त्यापुढे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते 'वर' मला लेस्वोसला सापडलं. काळ्या डोक्याचा भारीट. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा हा पक्षी आग्नेय युरोप, तुर्कस्तान, इराण या पट्ट्यात घरटं करतो आणि हिवाळा काढायला सगळाच्या सगळा भारताकडे येतो, त्यातही मुख्यतः पश्चिम आणि मध्य भारतात. युरोपातले बाकीचे बहुतेक प्रवासी पक्षी दक्षिणेला आफ्रिकेत उतरतात. हा मात्र पूर्वेची वाट धरतो. सोलापूर ते लेस्वोस सरळ रेषेत मोजलं तरी ५,००० किलोमीटरहून जास्त भरतं, आणि भारीट असतो तीस ग्रॅमच्या आसपास. लेस्वोसला त्यांचे नर एप्रिलच्या अखेरीस पोचू लागतात, माद्या मागून येतात. तुमची सुट्टी नेमकी त्याच दिवसांत आहे. बाबांनी या पक्ष्याचं अर्धं वर्ष तीस वर्षं पाहिलं आहे. उरलेलं अर्धं तिथे आहे.

आता गाईड. पहिल्या वेळी मी आयत्या सहलीत नाव घातलं. बारा माणसं, एक बस, एक दुर्बीण-स्टँड. रांगेत उभं राहून डोळा लावायला मिळेपर्यंत पक्षी उडालेला. एका दिवसात पूर्ण बेट फिरवायचं म्हणून प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. संध्याकाळी यादीत पुष्कळ नावं होती, डोळ्यांपुढे एकही पक्षी येईना. माझ्याबरोबर सत्तरीच्या एक डच बाई होत्या. त्या तिसऱ्या ठिकाणापासून बसमधून उतरल्याच नाहीत. तेव्हा मोठा गट अजिबात नको. फक्त तुम्ही दोघं आणि गाईड, निघण्यापूर्वीच हे पक्कं करून घ्या.

दुसऱ्या वेळी, २०२४ च्या एप्रिलअखेर, आम्ही तिघं होतो आणि गाईड होता कालोनीजवळच्याच गावातला एक चाळिशीचा माणूस. त्याचे आजोबा मिठागरात कामाला होते. त्याने आदल्या संध्याकाळीच विचारलं, "काय बघायचंय?" मी म्हटलं, भारीट. त्याला नवल वाटलं. तिकडे येणारे लोक दुर्मिळ पक्ष्यांची नावं घेतात. भारीट तर त्यांच्या तारांवर ओळीने बसलेला असतो. मी त्याला गोफणीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तो दिवसाच्या शेवटी दाखवीन, उन्हं कलल्यावर."

पहाटे पावणेसहाला निघालो. पहिलं ठिकाण कालोनीच्या आखातालगतची मिठागरं. लेस्वोस हे ग्रीसमधलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट, आणि त्याच्या पोटात हे आखात शिरलेलं आहे, वरून पाहिलं तर मोठ्या तळ्यासारखं वाटतं. मिठागरांच्या कडेने कच्चा रस्ता जातो. तिथे गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नसते, उलट न उतरणंच बरं, कारण पक्षी गाडीला बुजत नाहीत आणि माणसाला बुजतात. काच खाली केली आणि खारट, चिखलट वास आत आला. समोर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. उजनीला भिगवणकडे दिसतात तेच, फक्त मागे डोंगर ऑलिव्हच्या झाडांनी भरलेले. शेकाटे होते, उचाटे होते, चक्रवाकाच्या दोन जोड्या होत्या. तुतारी आणि टिलवे चिखल टोचत होते. यातले बहुतेक तुमचे बाबा पंखाच्या एका झटक्यावरून ओळखतील.

पण इथेच गंमत आहे. कर्ल्यू सँडपायपर नावाची वाकड्या चोचीची तुतारी आपल्याकडे हिवाळ्यात राखाडी, मळकट दिसते. तिथे ती विटेसारखी तांबडीलाल झालेली असते, कारण अजून सैबेरियाच्या उत्तर टोकापर्यंत जायचं असतं आणि विणीचा वेश वाटेतच अंगावर चढलेला असतो. पिवळा धोबी आपल्याकडे फिका असतो. तिथे त्याच्या एका पोटजातीचं डोकं काळं कुळकुळीत आणि पोट हळदीसारखं. ओळखीचा माणूस लग्नाच्या कपड्यांत अचानक समोर यावा, तसं होतं. अंगावर काटा आला माझ्या. बाबांना इथे निदान दोन तास द्या. गाईडने घाई केली तर स्पष्ट सांगा.

तिथून जवळच त्सिक्नियास नावाची छोटी नदी आहे. एके ठिकाणी रस्ता थेट पात्रातून जातो. लव्हाळ्यात स्क्वाको बगळा होता, आपल्या ढोकरीचा सख्खा चुलतभाऊ, पण पाठ बदामी-पिवळी आणि चोच निळी झालेली. नदीकाठी गाडी थांबवून चहा प्यायलो. गाईडने सांगितलं, की ॲरिस्टॉटल इ.स.पूर्व चौथ्या शतकात दोनेक वर्षं या बेटावर राहिला आणि याच आखातातले मासे, शिंपले, पक्षी पाहून त्याने टिपणं केली. पक्षी हिवाळ्यात कुठे जातात हा प्रश्न त्यालाही पडला होता. करकोच्यांसारखे क्रौंच दूरदेशी जातात हे त्याने बरोबर ओळखलं, पण छोट्या पक्ष्यांबद्दल फसला. उन्हाळ्यातला रेडस्टार्ट हिवाळ्यात रॉबिनचं रूप घेतो, असं त्याने लिहून ठेवलं. मला आजोबांचा वर केलेला हात आठवला. एवढा मोठा माणूस, तोही याच चिखलाच्या काठी उभा राहून हेच विचारत होता.

नऊच्या सुमारास अख्लादेरीच्या पाइनच्या जंगलात गेलो. क्रूपरचा नटहॅच हा तिथला मानकरी. युरोपात तो लेस्वोसशिवाय दुसरीकडे शोधायला जाऊ नये, एरवी त्याचं घर तुर्कस्तानात. मुठीएवढा पक्षी, कपाळ काळं, छातीवर विटकरी टिळा. वठलेल्या पाइनच्या खोडात भोक पाडून घरटं करतो. गाईडला एक खोड ठाऊक होतं. त्याने आम्हाला बरंच लांब बसवलं, पाइनच्या काट्यांवर घडीची खुर्ची टाकून, आणि म्हणाला, "सिगा सिगा." म्हणजे सावकाश. दिवसभर तो हेच म्हणत होता. आम्ही चाळीस मिनिटं बसलो. माझ्या नवऱ्याने विचारलं, मोबाईलवर आवाज लावून बोलावता येणार नाही का? गाईडने मान हलवली. विणीच्या दिवसांत आवाज ऐकवला की नर घरटं सोडून परक्याला शोधत फिरतो, पिलांचं खाणं थांबतं. हा नकार ऐकला आणि योग्य माणूस मिळाला आहे याची मला खात्री पटली. तुम्हीही गाईड ठरवताना हाच प्रश्न आधी विचारा. "लावतो की" असं उत्तर आलं तर दुसरा बघा.

नटहॅच आला. चोचीत किडा, खोडावर डोकं खाली करून उतरला, भोकात शिरला, निघून गेला. एवढंच. पण बसून पाहिलं म्हणून सगळं पाहिलं.

मग पश्चिमेकडे. हा रस्ता वळणावळणाचा आहे, सव्वा-दीड तास जातो. बाबांना गाडी लागत असेल तर पुढच्या सीटवर बसवा. ऑलिव्ह संपतात, मग ओक, आणि शेवटी उघडे, तांबूस-राखाडी डोंगर. ही जुन्या ज्वालामुखींची जमीन, अश्मीभूत झाडांचं प्रसिद्ध जंगल इथेच आहे. ऑर्दिम्नोस टेकडीच्या माथ्यावर इप्सिलूचा मठ आहे. गाडी बरीच वरपर्यंत जाते. मठाच्या पायऱ्या चढायची गरज नाही, खालच्या वळणावर खुर्ची टाकली तरी पुरतं. तिथे राखी भारीट दगडावर बसून गातो. रंग अगदी साधा, अंग राखाडी आणि डोक्यावर पिवळसर हिरवट झाक. पण याच्यासाठी लोक इंग्लंडहून येतात. खालच्या माळावर रणगोजा होता, आपल्या नान्नजला हिवाळ्यात येतो तोच मातकट. आपल्याकडे एकटा, गप्प, ढेकळावर उभा असतो. तिथे तो हवेत चढत गात होता. माझ्या वडिलांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, हे तेव्हा मनात आलं. ते राहूनच गेलं. तुम्ही बाबांना नेताय, फार बरं करताय.

उत्तर किनाऱ्यावर रुपेलचा वटवट्या मिळतो, पण गाईडने तो बेत आधीच रद्द केला होता. पश्चिम आणि उत्तर एका दिवसात करायचं तर दिवस गाडीतच जातो. त्याचं ऐका, हावरटपणा नको.

साडेपाच वाजले. सिग्रीच्या बाजूला फानेरोमेनीकडे जाणारा कच्चा रस्ता. दोन्ही बाजूंना दगडी बांध, अंजिराची झाडं, मधे मधे जवाचे तुकडे. गाईडने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि बोट वर केलं. तारेवर भारीट होता. काळंभोर डोकं, पोट सोन्यासारखं पिवळं, पाठ तांबूस, उन्हात नुसता उजळलेला. चोच वर करून गात होता. सुरुवातीला अडखळत दोन-तीन 'झ्रिट', मग भरभर खाली उतरत जाणारी तान. मी आयुष्यात भारीटाचं गाणं ऐकलं नव्हतं. आमच्याकडे तो गात नाही, खातो. आमच्या शेतात त्याला गायला कारणच नसतं. मी त्याला हजारदा दगड मारला असेल, आणि तो घरी येऊन असा गातो हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

रडले मी. गाईडने काही विचारलं नाही, दुर्बीण स्टँडवर लावून ठेवली आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला.

---

शेकाट्या

हुरडाताई, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मोठ्याने, नवऱ्याला ऐकवायला. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. आता गाईड घ्यायचाच हे ठरलं.

दोन शंका. पावणेसहाला निघून संध्याकाळपर्यंत म्हणजे बारा तास झाले. बाबांना झेपेल? आणि स्वच्छतागृहाची सोय? त्यांना दर दोन-अडीच तासांनी लागतं, पण ते तोंडाने सांगणार नाहीत.

---

उत्तर: माळरान

मी पुण्यातून लिहितोय, लेस्वोसचा अनुभव नाही. पण हुरडाताईंचं लिखाण वाचून राहवलं नाही. भोरड्यासुद्धा, म्हणजे पळसमैना, तिथे दिसतात का हो? आमच्याकडे पळस-पांगारा फुलला की झाडं नुसती कलकलतात. त्यांचंही 'वर' तिकडेच आहे का?

---

उत्तर: हुरडा

माळरानकाका, भोरड्यांचं मुख्य घर मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात. जिथे टोळ आणि नाकतोडे भरपूर तिथे त्या वसाहत करतात, म्हणून दर वर्षी ठिकाण बदलतं. काही वर्षी पश्चिमेकडे सरकतात तेव्हा लेस्वोसवरही थवे येतात, पण तेही मे महिना बराच सरल्यावर. एप्रिलअखेर त्यांची आशा धरू नये.

शेकाट्या, बारा तास नकोत. बाबांसाठी दिवस दोन तुकड्यांत करा. पहाटे सहा ते दहा मिठागरं, नदी आणि जमलं तर अख्लादेरी. मग मुक्कामी परत, जेवण, झोप. दुपारी साडेतीनला पुन्हा निघून थेट पश्चिम. भर दुपारी पक्षीही सावलीला बसतात, काही चुकत नाही. मुक्काम स्काला कालोनीसला घ्या, मायतिलीनीला नको. विमानतळ मायतिलीनीला आहे म्हणून लोक तिथे राहतात आणि रोज चाळीसेक किलोमीटर जाऊन-येऊन दमतात. स्काला कालोनीसहून मिठागरं अगदी जवळ. रात्री जेवण झाल्यावर निलगिरीच्या झाडांखाली उभे राहा. स्कॉप्स घुबड ठरावीक अंतराने एकच सूर काढतं, बासरीचं एक भोक दाबल्यासारखा. त्यासाठी चालावंही लागत नाही.

स्वच्छतागृहाचं तुम्ही गाईडला आदल्या दिवशी खाजगीत सांगा. प्रत्येक गावात काफेनियो असतं, म्हणजे कॉफीचं दुकान. एक कॉफी घ्यायची, काम होतं. माझ्या गाईडने वयस्क पाहुण्यांसाठी अशी ठिकाणं वेळेनुसार आखून ठेवली होती. पश्चिमेला अंतिसाच्या पुढे सिग्रीपर्यंत वाटेत काही मिळत नाही, तेव्हा तिथे थांबूनच पुढे जा. घडीची खुर्ची आहे का हे विचारून घ्या, नसेल तर स्वतः विकत घ्या. गुडघ्याच्या माणसाला दुर्बिणीपेक्षा खुर्ची महत्त्वाची.

जेवणाची काळजी तुम्हाला त्या आठवड्यात मुळीच नको. २०२७ मध्ये त्यांचा ईस्टर २ मेला आहे, म्हणजे तुम्ही जाताय तो त्यांचा पवित्र सप्ताह, कडक उपासाचा. पुष्कळ लोक मांस, अंडं, दूध काही खात नाहीत. हॉटेलात 'निस्तिसिमा' म्हणजे उपासाचं काय आहे, असं विचारा. फावा मिळेल, ती आपल्या घट्ट वरणासारखी असते, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. भेंडीची भाजी 'बामिएस', मोठ्या पांढऱ्या घेवड्याची 'यिगांदेस', उकडलेल्या रानभाज्या 'होर्ता'. फक्त एक लक्षात ठेवा: त्यांच्या उपासाला कोळंबी, माकूळ, शिंपले चालतात. त्यामुळे 'निस्तिसिमा' म्हटलं तरी त्यात समुद्रातलं काही नाही ना, हे प्रत्येक वेळी विचारा. शुक्रवारी ३० तारखेला रात्री गावात फुलांनी सजवलेली मिरवणूक निघते, ती बाबांना दाखवा. त्या दिवशी आणि १ मेला बरीच दुकानं बंद असतील, पाणी-फळं आधी भरून ठेवा.

आणखी एक. समोर तुर्कस्तान दिसतं, बेटावर लष्कराची ठाणी आहेत. तिकडे दुर्बीण किंवा कॅमेरा रोखायचा नाही. गाईड सांगेलच, पण इतर दिवशी तुम्ही दोघंच असाल.

गाईडला पत्र लिहाल तेव्हा मराठी किंवा इंग्रजी नावांवर अवलंबून राहू नका, शास्त्रीय नाव द्या: एम्बेरिझा मेलानोसेफाला. आणि बाबांना त्यांची वही आणायला सांगा. माझ्याकडे दाखवायला फक्त गोफणीची गोष्ट होती. त्यांच्याकडे तारखा आहेत. तिथल्या गाईडला भारीट कधी पोचतो ते ठाऊक असतं, सोलापूरहून कधी निघतो ते नसतं.

---

शेकाट्या

काल रात्री बाबांना फोन केला. लेस्वोसचं नाव सांगितल्यावर "छान आहे" म्हणाले. मग मी म्हटलं, बाबा, आपले भारीट तिथे घरटं करतात, गातात. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग कपाट उघडल्याचा आवाज आला.

वह्या काढून बसले होते. १९९६ पासूनच्या. बहुतेक वर्षी शेवटचा थवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिहिलेला आहे, एका वर्षी ४ एप्रिल. मला वाचून दाखवत होते आणि मधेच थांबून म्हणाले, "म्हणजे वाटेत त्याला तीन-चार आठवडे लागतात. रात्री कुठे उतरत असेल?" मग आईला हाक मारली आणि नकाशाचं पुस्तक मागितलं.

गाईडला पत्र गेलं. सोमवार, २६ एप्रिल ठरला, दोन तुकड्यांत, फक्त आम्ही दोघं. आवाज लावतो का विचारलं, त्याने नाही म्हटलं. खुर्ची त्याच्याकडे आहे. बाबांनी विचारलंय की वही नेली तर विमानात सामानाचं वजन वाढेल का. एकतीस वह्या आहेत. मी म्हटलं, सगळ्या आणा.